सलग ड्युटीची सवय होते का?

प्रश्न : मी शासकीय रुग्णालयात मेडिसिनची पहिल्या वर्षाची निवासी डॉक्टर आहे. सलग तीस-बत्तीस तास ड्युटी होते. परवा पहाटे इन्सुलिनचे ४ युनिट लिहायचे तिथे ४० लिहिले. सिस्टरांच्या वेळीच लक्षात आलं. सीनियर म्हणतात, सवय होईल. माझंच काही कमी पडतंय का?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : तुमचं काहीही कमी पडत नाही. जागरणाची सवय झाली असं फक्त वाटतं. लक्ष आणि निर्णयक्षमता घसरतच राहते, आणि ते स्वतःला कळत नाही, हाच खरा धोका. सलग १७ तास जागलेल्या माणसाच्या प्रतिक्रिया दारू प्यायल्यासारख्या मंदावतात. निवासी डॉक्टरांसाठीच्या केंद्रीय निवासी योजनेच्या १९९२च्या निर्देशांतही सलग ड्युटी सहसा १२ तासांपुढे नसावी, असं म्हटलेलं आहे.

पहाटे इन्सुलिन, पोटॅशियम लिहिताना आकडा मोठ्याने वाचा, सिस्टरांकडून पडताळून घ्या. त्यात कमीपणा नाही. वीस मिनिटांची डुलकी मिळाली तर जरूर घ्या, पण उठल्या उठल्या डोस लिहू नका. ड्युटीनंतर स्कूटरला हात लावू नका. सुट्टीत झोपूनही थकवा हटत नसेल, तर हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासा. मन खचत असेल तर टेली-मानस या हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा. तासांची नोंद ठेवा आणि मार्ड या निवासी डॉक्टरांच्या संघटनेच्या प्रतिनिधींना घेऊन विभागप्रमुखांना भेटा. एकटीने जाऊ नका.