चुकलं कोण नव्हे, अडलं कुठे?

प्रोजेक्टचं सबमिशन झालं की हॉस्टेलमध्ये दोनच गोष्टी होतात. मार्क चांगले पडले तर पार्टी, नाही पडले तर "तुझ्यामुळे झालं" म्हणून भांडण. ह्या दोन्हींपेक्षा उपयोगाची तिसरी गोष्ट म्हणजे रेट्रोस्पेक्टिव्ह मिटींग. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, त्यामुळे ह्याला भारदस्त मराठी शब्द मला सुचत नाही. 'मागे वळून पाहणं' एवढं म्हटलं तरी चालेल.

फेब्रुवारी 2001 मध्ये अमेरिकेतल्या स्नोबर्ड इथे 17 जण जमले आणि 'अजाईल मॅनिफेस्टो' तयार झाला. त्याच्या 12 तत्त्वांपैकी शेवटचं सांगतं, की टीमने ठराविक काळाने थांबावं, आपण काम कसं करतो ते पाहावं आणि त्यात बदल करावा. पुढे 2006 मध्ये एस्थर डर्बी आणि डायना लार्सन ह्यांनी ह्या मिटींगवर पुस्तकच लिहिलं. त्यांनी पाच टप्पे सांगितले : वातावरण तयार करणं, माहिती गोळा करणं, कारणं शोधणं, काय करायचं ते ठरवणं आणि समारोप.

आम्हा मालवणच्या लोकांना ही कल्पना परकी वाटू नये. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंदी असते. त्या दिवसांत जाळी दुरुस्त होतात. जाळं कोणी फाडलं ह्यावर वाद घालून ते शिवलं जात नाही. कुठे फाटलंय ते आधी शोधावं लागतं. नाहीतर नव्या हंगामात मासे त्याच भोकातून जाणार! फरक एवढाच, की टीमने वर्षभर वाट बघायची नाही. दर दोन आठवड्यांनी पाऊण तास पुरतो.

आता ही मिटींग कंटाळवाणी कशी होऊ द्यायची नाही ते बघू. 'सेलबोट' नावाची एक पद्धत आहे. फळ्यावर शिडाची होडी काढायची. समोर बेट, म्हणजे आपलं ध्येय. मालवणच्या मुलांनी तिथे सिंधुदुर्ग किल्ला काढावा! वारा म्हणजे ज्याने आपण पुढे गेलो ते. नांगर म्हणजे ज्याने आपल्याला अडवून धरलं ते. पाण्याखालचे खडक म्हणजे पुढचे धोके. किल्ल्याभोवती असे खडक बरेच आहेत. वाट माहीत असलेला माणूस होडीत असेल तर ते आधी कळतात. आपल्या टीममध्येही एखाद्याला खडक दिसलेला असतो, पण तो बोलत नाही.

म्हणून सगळ्यात महत्त्वाचा नियम : आधी लिहायचं, मग बोलायचं. पाच मिनिटं पूर्ण शांतता, प्रत्येकाने चिठ्ठ्या लिहायच्या, नाव घालायचं नाही. आमच्या ग्रुपमध्ये चौघं आहोत. त्यातला एक जण कधीच तोंड उघडायचा नाही, आम्हाला वाटायचं त्याला इंटरेस्टच नाही. पहिल्याच वेळी नांगराखाली एक चिठ्ठी आली : "रात्री दोनला कोड बदलू नका. सकाळी माझं काहीच चालत नाही." वाचून झाल्यावर तोच म्हणाला, "माझी आहे." तो प्रोजेक्ट सोडायच्या विचारात होता, हे त्या दिवशी कळलं. रात्री दहानंतर कोणी कोड बदलायचा नाही, असं ठरलं. तो आजही ग्रुपमध्ये आहे.

आणखी काही गोष्टी :

1) सुरुवातीलाच सांगा, की प्रत्येकाने त्या वेळच्या माहितीत आणि परिस्थितीत जमेल तितकं चांगलं काम केलं असं आपण धरून चालतोय. नॉर्म कर्थ ह्यांनी 2001 मध्ये हे मांडलं.

2) सारख्या चिठ्ठ्या एकत्र लावा. प्रत्येकाला तीन टिंबं द्या, ज्याला जास्त टिंबं त्यावरच चर्चा करा.

3) शेवटी एकच बदल ठरवा. पुढे नाव आणि तारीख लिहा. "सगळ्यांनी लक्ष द्यायचं" म्हणजे कोणीच देणार नाही.

4) पुढची मिटींग त्याच बदलाने सुरू करा : झाला का?

5) मिटींग चालवणारा दर वेळी बदला.

सर-मॅडमना एक नम्र विनंती. तुम्ही बसलात तर सगळ्यात शेवटी बोला, आणि तिथे ऐकलेल्याचे मार्क कापू नका. एकदा कापलेत, की पुढच्या चिठ्ठ्या कोऱ्या येतील.

मेस कमिटी, गॅदरिंग, क्रिकेट टीम, कुठेही हे चालतं. एक खडू आणि थोडे कागद लागतात. बघा करून!

— तृतीय वर्ष, संगणक शाखा