दिवा का गेला?

घरातला दिवा एकाएकी गेला, की कोणी बटण खटखट दाबतो, कोणी तारच ओढून बघतो. तसं करू नये. आपल्या घरात २३० व्होल्टची वीज येते. ती डोळ्यांना दिसत नाही, पण जीव घ्यायला पुरते. म्हणून दोष कसा शोधावा, ते आज आपण पाहू.

आधी शेजारी बघावं. तिथंही अंधार असेल, तर वीज बाहेरूनच गेली आहे. आपल्याच घरी अंधार असेल, तर बहुधा फ्यूज उडाला असेल. काही घरांत फ्यूजऐवजी एमसीबी असतो. त्याचा खटका खाली पडतो.

फ्यूज म्हणजे घराचा राखणदार. वीज प्रमाणाबाहेर वाहू लागली, की त्यातली बारीक तार वितळते आणि विजेची वाट बंद होते. राखणदारानं हाक दिली, तर चोर शोधावा. राखणदाराचं तोंड बांधू नये. फ्यूजमध्ये जाड तार घातली, तर तो उडत नाही. मग भिंतीतली तार तापते आणि घराला आग लागते.

चोर कसा शोधावा?

१. हात कोरडे करावेत. पायांत रबरी चप्पल घालावी.

२. मेन स्विच बंद करावा. तरी मीटरपासून मेनपर्यंतची तार जिवंतच असते. तिला हात लावू नये.

३. सगळी बटणं बंद करावीत. इस्त्री, मिक्सर, टीव्ही यांच्या पिना काढाव्यात.

४. फ्यूजला योग्य जाडीची तार लावावी. मग मेन चालू करावा. फ्यूज लगेच उडाला, तर दोष भिंतीतल्या तारांत आहे. मेन बंद ठेवून वायरमनला बोलवावं.

५. फ्यूज टिकला, तर एकेक वस्तू लावून बघावी. जी लावताच फ्यूज उडेल, तिच्यातच दोष. ती बाजूला ठेवावी. एकेकटी सगळ्या चालतात, पण एकदम लावल्या की फ्यूज उडतो, तर भार जास्त झाला असं समजावं.

जळका वास आला, भिंतीला ओल असली, किंवा नळाला हात लावताच झिणझिण्या आल्या, तर स्वतः शोधत बसू नये. मेन बंद करून वायरमनला बोलवावं. टेस्टर पेटला नाही, म्हणून तारेत वीज नाही असं धरू नये. टेस्टरही बिघडतो.

कुणाला विजेनं धरलं, तर त्याला हातानं ओढू नका. आधी मेन बंद करा. मेन लांब असेल, तर कोरड्या लाकडी काठीनं त्याला तारेपासून दूर ढकला. हे घरातल्या पोरांनाही शिकवा.

प्रश्न

१. फ्यूजमध्ये जाड तार का घालू नये?
२. तुमच्या घरचा मेन स्विच कुठं आहे? घरातल्या सगळ्यांना तो ठाऊक आहे का?