नारिता गाठताना

टोकियोत नव्यानं आलेल्या मराठी कुटुंबांसाठी, जुन्या मंडळींच्या लेखणीतून

नारिता विमानतळ टोकियोत नाही. तो शेजारच्या चिबा प्रांतात आहे, शहराच्या मध्यापासून साठेक किलोमीटरवर. दादरहून बदलापूर धरा. ‘टोकियोला उतरलो’ म्हणणाऱ्या माणसाला घरी पोचायला आणखी दीड तास असतो, हे नातेवाइकांना आधीच सांगून ठेवा. यंदा आम्ही सभासदांना या प्रवासाबद्दल लिहायला सांगितलं. ज्याला जे सुचलं ते त्यानं लिहिलं. आम्ही फक्त एका मजकुरातला एक शब्द गाळला आहे. कुठला ते वाचताना कळेलच.

निशी-कासाईहून: अकरा वर्षं इथं राहणारे एक सभासद

आपली बरीच माणसं निशी-कासाईला, म्हणजे तोझाई लाइनवर राहतात. म्हणून तेवढंच लिहितो.

नवा माणूस स्कायलायनरचं नाव ऐकून येतो. गाडी उत्तमच आहे, ताशी 160 किलोमीटरनं धावते आणि निप्पोरीहून चाळीस मिनिटांच्या आत पोचवते. पण निप्पोरीला जायचं तर आपल्याला आधी उलटं पश्चिमेला, शहरात शिरावं लागतं. सगळा द्राविडी प्राणायाम, वर अडीच हजार येनच्या आसपास भाडं.

त्यापेक्षा पूर्वेला जा. लोकलनं निशी-फुनाबाशी. (जलद गाडी निशी-कासाईला थांबत नाही, उगाच वाट पाहू नका.) तिथून तोयो लाइननं शेवटचं स्टेशन, तोयो-कात्सुतादाई. ही लाइन महाग आहे, 16 किलोमीटरला सहाशेहून जास्त येन घेतात, तरी एकूण हिशेब स्कायलायनरच्या बराच खाली राहतो. स्टेशनला लागूनच केइसेई रेल्वेचं कात्सुतादाई स्टेशन. तिथून विमानतळाची ‘तोक्क्यू’, म्हणजे जलद गाडी. सगळं मिळून सव्वा ते दीड तास. दोन्हीकडे लिफ्ट आहे, पण ती फलाटाच्या एका टोकाला असते. बॅगा असतील तर आदल्या रविवारी एकदा रिकाम्या हातानं जाऊन पाहून या.

दुसरा रस्ता: निशी-फुनाबाशीहून एक स्टेशन पुढं फुनाबाशी, तिथून जेआरची विमानतळाची जलद गाडी. ती तासाला साधारण एकच असते. चुकली की बसा.

काही गोष्टी डोक्यात ठेवा. गाडीच्या पाटीवर नुसतं ‘नारिता’ असेल तर ती नारिता गावापर्यंतच जाते. गाव सुंदर आहे, देऊळ मोठं आहे, पण विमान तिथून उडत नाही. विमानतळावर दोन स्टेशनं आहेत. टर्मिनल 2 चं आधी येतं, टर्मिनल 1 चं शेवटी. स्वस्त कंपन्यांच्या टर्मिनल 3 ला स्टेशनच नाही. टर्मिनल 2 ला उतरून चालावं लागतं. मोठ्या बॅगा दोन दिवस आधी ताक्क्यूबिननं, म्हणजे सामान पोचवणाऱ्या सेवेनं, विमानतळावर पाठवता येतात, कोपऱ्यावरच्या कोंबिनीतूनही (छोट्या दुकानातूनही). पासपोर्ट त्या बॅगेत ठेवू नका. हसू नका, हे घडलेलं आहे.

आणि भारतातून येणाऱ्यांसाठी: विमान सकाळी उतरलं तर लगेच तोझाई लाइन पकडू नका. साडेसात ते नऊ ही गाडी शहराकडे जाताना विरारच्या लोकलला लाजवते. जाताना मात्र सकाळीच निघा, तेव्हा गर्दी आपल्या उलट दिशेला असते.

एका कागदाची गोष्ट: कावासाकीचे एक सभासद

वरच्या गृहस्थांचं सगळं खरं आहे, फक्त गाडी चालू असेल तर.

माझी बंद पडली. पुतणीचं लग्न पुण्यात, घरून हिशेबानं तीन तास आधी निघालो होतो. वाटेत कुणीतरी रुळांवर गेलं. घोषणेत ‘जिनशिन जिको’ ऐकू आलं की समजा, तासाभराची निश्चिंती. आमची गाडी दोन स्टेशनांच्या मध्ये पावणेदोन तास उभी होती. डब्यात कुणी चकार शब्द काढला नाही. आपल्याकडे एव्हाना चार जणांनी मोटरमनला गाठून जाब विचारला असता, दोघांनी डबे उघडले असते.

उतरल्यावर स्टेशनवाल्यानं वाकून माफी मागितली आणि उशिराचा दाखला दिला. दोन बोटं रुंद चिठोरं. मी ते दागिन्यासारखं जपलं. विमान कंपनीच्या काउंटरवर दाखवलं तर बाई गोड हसून म्हणाल्या, हा कार्यालयात आणि शाळेत दाखवायला असतो. तिकीट गेलं.

मग विमा. विमावाले म्हणाले, विमान चुकल्याचं पत्र आणा. विमान कंपनी म्हणाली, तुम्ही आलाच नाहीत एवढंच आम्ही लिहू शकतो. विमावाले म्हणाले, ‘आला नाहीत’ म्हणजे चूक तुमची. अर्जावर सही केली होती, तो परत आला, शिक्का हवा. शिक्का केला, अर्ज पुन्हा परत. शिक्क्यावर फक्त आडनाव आणि अर्जावर पूर्ण नाव. (इथला एक शब्द गाळला आहे. — सं.) चार महिन्यांनी पत्र आलं की एका रात्रीच्या हॉटेलचे पैसे मिळतील, तिकिटाचे नाही.

पुण्याला पोचलो तेव्हा मांडव उतरवत होते. अक्षता माझ्या खिशातच राहिल्या.

तेव्हा तीन तास नाही, पाच तास आधी निघा. विमा घेताना ‘सार्वजनिक वाहनाच्या विलंबामुळे विमान चुकणे’ हे कलम आहे का ते वाचा. आणि वादळाच्या मोसमात अंदाज पाहून आदल्या दिवशीच जाऊन राहा. सप्टेंबर 2019 च्या वादळात रेल्वे आणि रस्ते दोन्ही बंद पडून हजारो लोक विमानतळावरच अडकले, जमिनीवर झोपले.

पोचवायला जावं: एक ज्येष्ठ काकू

मी गाड्यांचं सांगणार नाही, मला त्या अजून नीट कळत नाहीत.

आम्ही आलो तेव्हा नारिताला आत शिरतानाच सगळ्यांची ओळखपत्रं तपासत. तिथल्या शेतकऱ्यांनी आपल्या जमिनीसाठी मोठं आंदोलन केलं होतं, 1978 मध्ये तर नियंत्रण मनोऱ्यात घुसून मोडतोड झाली आणि उद्घाटन लांबलं. ती तपासणी 2015 पर्यंत चालली. पोचवायला जाणाऱ्यालाही ओळखपत्र दाखवावं लागे, तरी आम्ही जात असू.

आताची मुलं आई-वडिलांना ‘ट्रॅक करतोय’ म्हणतात आणि घरी बसतात. सत्तरीच्या माणसाला अनोळखी फलाटावर सोडू नये. रजा काढा. नातवंडांना बरोबर न्या, आजी दारातून बाहेर येताना त्यांनी पाहिली पाहिजे. जपानीत कुजबुजण्यापेक्षा तिथं मराठीत ‘आजी’ म्हणून ओरडू द्या, विमानतळावर चालतं. गाडीत मात्र आवाज खाली. निघताना हातावर दही-साखर, आणि ‘जातो’ नाही, ‘येतो’.

हापूसची पेटी आणायला सांगू नका, कढीपत्ताही नाही. कस्टमच्या आधी काढून घेतात, मग दोघांचाही जीव जळतो. भाजणी आणा, गोडा मसाला आणा.

राहिलेलं

बसबद्दल एका विद्यार्थ्यानं दोनच ओळी पाठवल्या: टोकियो स्टेशनच्या याएसु बाजूनं स्वस्त बस सुटते, दीड हजार येनच्या आसपास, आणि बॅग बसच्या पोटात जाते.

नारिता एक्स्प्रेसवर योकोहामाकरांनी लिहायचं कबूल केलं होतं, मजकूर आला नाही. एवढं आम्हालाही माहीत आहे: येताना ती टोकियो स्टेशनला दुभंगते, काही डबे शिंजुकूकडे जातात, काही योकोहामाकडे. डब्यावरची पाटी वाचून बसा.

हानेदा या दुसऱ्या विमानतळाबद्दल लिहायला कुणीच पुढं आलं नाही. तो जवळ आहे, त्रास कमी, म्हणून सांगण्यासारखंही कमी असावं. फक्त आसाकुसा लाइनवरून दोन्ही विमानतळांना थेट गाड्या जातात, विरुद्ध दिशांना, आणि चढलं की चूक लक्षात यायला वेळ लागतो. मागच्या दिवाळीत आमचे एक सभासद सासूबाईंना आणायला वेळेच्या अर्धा तास आधी हजर होते, हानेदाला. सासूबाई नारिताला, चकलीच्या डब्यावर हात ठेवून बसलेल्या.