अंगठा सांभाळा

मंडळी, पूर्वी अंगठा कशाला लागे? सावकाराच्या कागदाला लागे. कागदावर काय लिहिले आहे, हे अंगठा देणाऱ्याला ठाऊक नसे. शंभराचे दोनशे होत. वावर जाई. पुणे जिल्ह्यात सुपे गाव आहे. तेथे १८७५ साली चिडलेल्या शेतकऱ्यांनी सावकारांचे कागद काढून जाळले.

आता तुम्ही अक्षर शिकलात. सही करता. म्हणाल, आमचा अंगठा सुटला.

सुटला नाही, बरं का! उलट त्याचे काम वाढले आहे.

बोटांचे ठसे कोणाचे कोणाशी जुळत नाहीत. म्हणून सरकारचा त्यांवर भरवसा. बंगालमध्ये १८५८ साली हर्शेल नावाच्या साहेबाने एका कंत्राटदाराच्या हाताचा पंजा करारावर उमटवून घेतला. पुढे कलकत्त्याला १८९७ साली ठशांची कचेरी निघाली. आणि २०१० साली आपल्या नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावात देशातला पहिला आधार क्रमांक दिला गेला. क्रमांक बारा आकड्यांचा. त्याला आपली दहा बोटे आणि दोन्ही डोळे जोडलेले असतात.

आता गावात बसून, आधार क्रमांक सांगून आणि अंगठा लावून बँकेतले पैसे निघतात. मानोऱ्याला खेप घालावी लागत नाही. सोय चांगली आहे. पण जिथे सोय, तिथे चोर.

समजा, इंझोरीची एक आजी निराधार योजनेचे पैसे काढायला गेली. यंत्रवाला म्हणाला, “आजी, अंगठा लागला नाही. पुन्हा लावा.” आजीने पुन्हा लावला. हातात हजार रुपये आले. खात्यातून मात्र दोन हजार गेले! पहिला अंगठाही लागलाच होता.

आजीने काय करावे? दर वेळी पावती मागावी. अंगठा लागला नाही, तर तसे लिहिलेली पावतीही यंत्रातून निघते. ती वाचावी. वाचता येते ना आता? मग लाजू नये. सिमकार्ड घेतानाही असेच. दुकानदार दोनदा अंगठा घेतो आणि आपल्या नावावर दुसरे सिम निघते. ते कोणाच्या हाती जाईल, सांगता येत नाही.

दुसरी चोरी मोबाईलवर होते. ‘पीएम किसानचा हप्ता अडला आहे, ही फाईल उघडा,’ असा निरोप येतो. फाईल उघडली की मोबाईल चोराच्या ताब्यात जातो. बँकेचा ओटीपी, म्हणजे एकदाच चालणारा गुप्त आकडा, तो परस्पर वाचतो. सरकारी योजनेची फाईल व्हॉट्सअपवर आली तर ती उघडू नये. ओटीपी तर सख्ख्या भावालाही सांगू नये.

कोणी म्हणेल, “माह्या खात्यात हायेच काय? चोर काय नेईन?”

बाप्पा, चोराला तुमचे नाव पाहिजे! तुमच्या नावावर तो कर्ज काढतो. दुसऱ्याकडून लुटलेला पैसा तुमच्या खात्यातून फिरवतो. मग खाते गोठते. पोलीस तुमच्या दारी येतात. कर्ज आपण घेतले नाही, हे सांगत तुम्हालाच हेलपाटे घालावे लागतात. माझ्या मते पैसे जाण्यापेक्षा हे वाईट.

अंगठ्याला कुलूप लावता येते. आधारच्या मोबाईल ॲपवर तशी सोय आहे. त्यासाठी आधारला आपला मोबाईल नंबर जोडलेला हवा. कुलूप असेपर्यंत तुमच्या ठशाची नक्कल करूनही चोराला पैसे काढता येत नाहीत. मात्र तेव्हा आधारचा ठसा रेशन दुकानातही चालत नाही. धान्य आणायच्या दिवशी कुलूप काढावे, नंतर पुन्हा लावावे. ॲप जमत नसेल तर शिकलेल्या मुलीला जवळ बसवून करावे. आधारची झेरॉक्स द्यावी लागली, तर ती कशासाठी दिली, हे तिच्यावर तारखेसह लिहावे. शक्यतो अशी प्रत द्यावी, जिच्यावर शेवटचे चारच आकडे दिसतात. तशी प्रतही मिळते.

एवढे करूनही पैसे गेले तर रडत बसू नये. लागलीच १९३० या नंबरावर फोन करावा. फोन लवकर गेला, तर पुढच्या बँकेत पैसे अडवता येतात. दुसऱ्याचा ठसा किंवा गुप्त आकडा लबाडीने वापरणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आपल्या बँकेलाही त्याच दिवशी कळवावे. तक्रारीचा क्रमांक मिळेल. तो आपल्या हाताने वहीत लिहून घ्यावा.