पाठांतरावांचून रंगभूमीवर

स्नेहसंमेलनाचे दिवस जवळ आले म्हणजे शाळेंत पाठांतराची एकच धांदल उडते. कोणी भाषण विसरतो, कोणाचा प्रवेश चुकतो, आणि मग पडद्याआडून हळूच शब्द पुरवावे लागतात. परंतु ज्या नाटकास संहिताच नाहीं, तेथें शब्द पुरविणार कोण? आणि अशा नाटकांत, समोर प्रतिपक्ष उभा असतां, जो प्रथमच पाऊल टाकतो त्यानें धीर तरी कशाच्या बळावर धरावा? विद्यार्थिमित्रांनो, या प्रश्नाचा आज थोडा विचार करूं.

आयत्या वेळीं रचलेल्या विनोदी प्रवेशांचा असा सामना कॅनडांतील कॅल्गरी शहरीं १९७७ सालीं सुरू झाला. त्याचें नांव 'थिएटरस्पोर्ट्स'. त्याचे जनक कीथ जॉनस्टन (१९३३–२०२३) हे मूळचे इंग्लंडचे. तरुणपणीं ते लंडनच्या बॅटरसी भागांत शाळाशिक्षक होते, व पुढें रॉयल कोर्ट नाट्यगृहांत काम करूं लागले. धंदेवाईक कुस्त्यांस जमलेले लोक आरोळ्यांनीं फड दणाणून सोडतात, हें पाहून नाटकासही असे प्रेक्षक लाभावेत असें त्यांस वाटलें. परंतु इंग्लंडांत १९६८ पर्यंत प्रत्येक नाटकाची संहिता राजदरबारच्या लॉर्ड चेंबरलेन या अधिकाऱ्याकडे आधीं मंजुरीसाठीं धाडावी लागे. जें अद्याप कोणीं उच्चारलेंच नाहीं, तें लिहून धाडावें कसें? पुढें कॅल्गरीच्या विद्यापीठांत ते शिकवूं लागले, तेव्हां तेथील 'लूज मूस' या नाट्यसंस्थेंत त्यांची ही कल्पना फळास आली.

खेळाची रीत सोपी आहे. दोन संघ एकमेकांस आव्हान देतात. कित्येकदां स्थळ किंवा विषय प्रेक्षकच सुचवितात, आणि खेळाडूंनीं त्याच क्षणीं प्रवेश रचावयाचा असतो. तीन पंच एक ते पांच अशा गुणांचे फलक वर धरतात. प्रवेश कंटाळवाणा झाला तर भोंगा वाजतो व खेळाडूंस निमूटपणें बाहेर जावें लागतें. कोणी असभ्य बोलला तर त्याच्या डोक्यावर टोपली घालून त्यास कांहीं वेळ बाजूस बसवितात.

नवशिक्याचा घसा कोरडा पडतो तो येथेंच. भीतीपोटीं त्याच्या हातून बहुधा दोन चुका घडतात. पहिली ही कीं, कोणासही सुचलें नसेल असें कांहीं तरी चतुर बोलण्याची तो धडपड करतो, आणि त्या धडपडींत मुकाच राहतो. जॉनस्टन यांची शिकवण याच्या अगदीं उलट आहे: जें सहज सुचेल तेंच बोलावें. जें आपणांस साधें वाटतें तें ऐकणाऱ्यास पुष्कळदां नवेंच असतें.

दुसरी चूक सोबत्याचें म्हणणें नाकारण्याची. समजा, एकजण म्हणाला, "तांडेलमामा, होडींत पाणी शिरतें आहे!" त्यावर दुसऱ्यानें "ही कसली होडी? हा तर आमचा ओटा" असें उत्तर दिलें. लोक क्षणभर हंसतील, परंतु होडी बुडाली, आणि तिजबरोबर गोष्टही बुडाली. तेंच तो जर म्हणाला, "शिरणारच! काल गळ करावयास तूंच तळाचा खिळा उपटलास ना?" तर गोष्ट तत्काळ पुढें सरकते. आतां पाणी उपसावयाचें आहे, खिळा शोधावयाचा आहे, आणि भाच्याची कानउघाडणीही व्हावयाची आहे. सोबत्याचा शब्द झेलणें व त्यांत आपली भर घालणें, हेंच या कलेचें मर्म होय. ज्याचें लक्ष सोबत्याचें काम शोभावें याकडे लागतें, त्यास स्वतःच्या भीतीकडे पाहण्यास सवडच उरत नाहीं.

इतकें करूनही भोंगा वाजतो, कारण तो सर्वांसाठींच केव्हां ना केव्हां वाजतो. जो हिरमुसून पंचांवर डोळे वटारतो, त्याचा प्रेक्षकांस कंटाळा येतो. जो हंसतमुखानें नमस्कार करून जातो व पुढल्या आव्हानास पुन्हां उभा राहतो, त्यास ते टाळ्या देतात.

ही विद्या आपणांस सर्वस्वीं परकी नाहीं. १८४३ सालीं सांगलीस विष्णुदास भावे यांनीं सीतास्वयंवराचा खेळ केला, तेव्हां सूत्रधार पद्यें म्हणे आणि पात्रें गद्य भाषणें आयत्या वेळींच करीत. तमाशाच्या बतावणींतील सोंगाड्या आजही हजरजबाबीपणावरच फड जिंकतो.

पालकांसही येथें एक विनंति करावीशी वाटते. वर्गांत उत्तर येत असूनही हात वर न करणारीं मुलें प्रत्येक शिक्षकानें पाहिलीं आहेत. त्यांस अज्ञानानें नव्हे, तर चुकीच्या भयानें मुकें केलेलें असतें. आणि हें भय पुष्कळदां घरच्या व शाळेंतील हंशांतूनच उपजतें. मूल रंगभूमीवरून परत आलें म्हणजे "गुण किती मिळाले?" असें विचारण्याआधीं "सोबत्याचें बोलणें नीट ऐकलेंस का? पुन्हां उभा राहशील ना?" असें विचारून पाहावें. दुसऱ्या प्रश्नास ज्याचें उत्तर 'होय' असेल, त्यास पहिल्याच सामन्यांत पुष्कळ कांहीं मिळालें असें समजावें.