नवऱ्याच्या संगणकाला हात लावण्यापूर्वी

"हिनं माझा कॉम्प्युटर बिघडवला." हे वाक्य ह्यांनी नणंदबाईंना फोनवर ऐकवलं, सोसायटीच्या खजिनदारांना जिन्यात ऐकवलं, आणि मी समोर बसलेली असताना व्याह्यांनाही ऐकवलं. कॉम्प्युटर बिघडलेला नव्हता. माझी सगळी नोकरी कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये गेली आहे, बिघडलेलं मशीन मला कळतं. म्हणून नीट सांगते.

विंडोज १० चे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबणार, हे त्याआधी कितीतरी महिने पडद्यावर झळकत होतं. ह्यांचं मशीन चांगलं आहे, आठ जीबी रॅम आहे, पण प्रोसेसर इंटेलच्या सातव्या पिढीचा. विंडोज ११ ला आठवी किंवा त्यापुढची पिढी लागते, शिवाय टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते. मी ह्यांच्यापुढे तीन पर्याय ठेवले: नवं मशीन घ्या, सुरक्षा अपडेटची वर्षभराची मुदतवाढ घ्या, नाहीतर लिनक्स मिंट टाकू. नव्या मशीनला पैसे कशाला आणि वर्षानं पुन्हा तेच रडगाणं कशाला, म्हणून मिंट टाक, असं ह्यांनीच सांगितलं. जुनं विंडोज शेजारी राहू दे, सुरू करताना हवं ते निवडता येईल, असंही मी सुचवलं होतं. "दोन-दोन नकोत, रोज विचारत बसतं ते," हे उत्तरही ह्यांचंच. एवढं लक्षात ठेवून पुढचं वाचा.

मिंट मी उगाच निवडलं नव्हतं. ते मोफत आहे, उबुंटूच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीवर उभं आहे आणि त्याच्या २२ व्या मालिकेला २०२९ पर्यंत अपडेट आहेत. त्याचं सिनॅमन रूप दिसायलाही ओळखीचं: खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेन्यू, उजवीकडे घड्याळ. बँक, यूट्यूब, व्हॉट्सअ‍ॅप, भाच्याच्या मुंजीचे फोटो, सगळं पहिल्या दिवसापासून चाललं. तेव्हा मित्रांना फोनवर "आम्ही आता लिनक्सवर" असं सांगणं चालू होतं. आम्ही!

मग सोसायटीची वार्षिक सभा आली. ती ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते आणि नोटीस पूर्ण चौदा दिवस आधी जावी लागते. ह्यांनी गेल्या वर्षीची नोटीस उघडली. ती विंडोजच्या मंगल फॉन्टमध्ये होती. मिंटमध्ये मंगल नसतो, त्यामुळे दुसरा देवनागरी फॉन्ट बसला, ओळी लांबल्या आणि 'आपला विश्वासू, सचिव' एवढंच दुसऱ्या पानावर जाऊन पडलं. त्यामागची जुनी इतिवृत्तं तर युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमधली. त्या काळच्या फाइलीत मराठी अक्षरं नसतातच, आत रोमन अक्षरं-चिन्हं असतात आणि त्यांना देवनागरीचं रूप फॉन्ट देतो. फॉन्ट नसला की पडद्यावर नुसती खिचडी. ह्यांनी ती बघितली आणि ओरडले, "अगं, माझी सगळी इतिवृत्तं गेली!" काहीही गेलेलं नव्हतं. बॅकअपमधून त्या फॉन्टची फाइल आणून बसवली, इतिवृत्तं परत मराठी झाली. नोटीस मी मुक्ता फॉन्टमध्ये केली (मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेनं केलेला, मोफत आहे), अक्षर एका घरानं लहान केलं आणि पीडीएफ करून दिली. चहा निवायच्या आत झालं. पण ऐकायला कोण होतं? तोवर फोन सुरू झाले होते.

त्यात प्रिंटर. गल्लोगल्लीच्या झेरॉक्सवाल्याकडे दिसतो तसा छोटा लेझर आहे, आणि त्याचा लिनक्सचा ड्रायव्हर म्हणजे शुद्ध डोकेदुखी. हे मी पेनड्राइव्हवरून मिंट चालवून बघितलं तेव्हाच दाखवलं होतं. "प्रिंट बाहेरून काढू, दोन रुपयांचा प्रश्न," असं तेव्हा कोण म्हणालं, ते मी आता लिहीत नाही.

यानंतर मी माहेरी गेले. परत आले, ह्यांनी दार उघडलं ते हसतच. "बघ, आता कसं सुरळीत चाललंय!" पडद्यावर विंडोज ११. उजव्या कोपऱ्यात फिकट अक्षरांत 'अ‍ॅक्टिव्हेट विंडोज'. दुकानातल्या मुलाला बोलावून, प्रोसेसरची अट चुकवून, अकरा चढवलं होतं. अशा मशीनला अपडेट मिळतीलच, याची हमी खुद्द मायक्रोसॉफ्ट देत नाही. मी एवढंच विचारलं, "चढवण्याआधी फाइली कुठं काढून ठेवल्या?" ह्यांचं हसू तिथं थांबलं. त्या मुलानं सगळी डिस्क पुसली होती. "तो म्हणाला सी ड्राइव्हच जातं." अहो, मिंटमध्ये सी ड्राइव्ह असतं का?

राग त्या मुलाचा नाही आला. तो चार पैसे कमवायला आला होता. मला न विचारता, मी गावात नसताना बोलावलं, याचा आला, आणि तो गेलेला नाही. फाइली माझ्या वेगळ्या हार्ड डिस्कवर होत्या म्हणून सभेच्या दिवशी मागची इतिवृत्तं वाचता आली. सभेत आभार त्या मुलाचे मानले गेले.

कुणी घरच्या माणसाचं मशीन बदलायला निघालं असेल तर माझं ऐका. "तुम्ही काय-काय वापरता?" असं विचारू नका. "फक्त इंटरनेट," हेच उत्तर येतं. आठवडाभर मागं बसून बघा. वर्षातून एकदाच लागणारी कामं वेगळी शोधा: सभेची नोटीस, आयकर, मेंटेनन्सची मॅक्रोवाली एक्सेल शीट. मॅक्रो असतील तर लिब्रेऑफिसमध्ये ती चालेल असं धरूच नका, आधी चालवून बघा.

विंडोज तसंच ठेवून त्यावर आधी लिब्रेऑफिस आणि फायरफॉक्स टाका. दोन्ही तिथंही मोफत चालतात. महिनाभर बोटांना सवय होऊ द्या, खालची सिस्टीम मग बदला. लिब्रेऑफिसच्या सेटिंगमध्ये फाइल कायम वर्डच्या स्वरूपात साठवायला सांगा, नाहीतर खजिनदारांकडे ती नीट उघडेलच असं नाही आणि दोष तुमच्या माथी येतो. विंडोजच्या फॉन्टच्या फोल्डरमध्ये जुने मराठी फॉन्ट असतील ते पुसण्याआधी काढून ठेवा. मराठी टायपिंग कशानं करतात ते बघा. इनस्क्रिप्ट मिंटमध्ये मिळतं, पण ज्यांचा हात टाइपरायटरच्या कळफलकावर बसला आहे, त्यांची बोटं पन्नाशीनंतर वळत नाहीत.

मिंटमध्ये टाइमशिफ्ट नावाची सोय आहे, तिच्यावर निर्धास्त राहू नका. ती सिस्टीमची प्रत ठेवते, तुमच्या कागदपत्रांची ठेवत नाही, मुद्दाम सांगितल्याशिवाय. कागदपत्रं वेगळ्या डिस्कवर, आणि ती डिस्क कपाटात. किल्ली तुमच्याकडे. जुनं विंडोज पुसायचं झालंच तर त्यांच्याकडून लेखी घ्या, व्हॉट्सअ‍ॅपवर का होईना. हसू नका, मी घेतलं असतं तर व्याह्यांना दाखवलं असतं.

बाकी धीर धरा, चिडू नका, प्रेमानं समजावून सांगा, वगैरे. माणसं सांगतात तसं.

सध्या ह्यांच्या टेबलावर ते अकराच आहे, कोपऱ्यातल्या फिकट अक्षरांसकट. दुकानाचं बिल ह्यांनी सोसायटीच्या खर्चात 'संगणक दुरुस्ती' म्हणून लावलं होतं. तक्रार मी केली नाही, खजिनदारांनीच ते नामंजूर केलं.