वायर रोप कसा तयार होतो व कसा पारखावा?

आम्ही कापडवाले. हयात सूत आणि ठाण मोजण्यात गेली. तरीही आज पोलादी दोराविषयी लिहीत आहोत, कारण मुरबाड-शहापूर भागात विहीर खोदणाऱ्याची यारी असो, गोदामाची माललिफ्ट असो की कारखान्यातील क्रेन, सर्वांचा भार याच दोरावर आहे आणि तो पारखून घेणारे थोडे आहेत. आपल्या शेजारी, शहापूर तालुक्यात आटगावला भारत वायर रोप्स या १९८६ साली स्थापन झालेल्या कंपनीने कारखाना उभारला; पुढे तिने जळगाव जिल्ह्यात चाळीसगावलाही कारखाना काढला.

पूर्वी खाणीतून माल वर काढण्यासाठी साखळदंड किंवा अंबाडी-तागासारखे दोर वापरीत. साखळीची एक कडी तुटली की सारा भार खाली. जर्मनीतील हार्झ डोंगराच्या खाणींवर विल्हेल्म आल्बर्ट या अधिकाऱ्याने १८३४ साली लोखंडी तारा पिळून दोर बनविला. त्यात तीन पेड आणि प्रत्येक पेडात चार तारा होत्या. एखादी तार तुटली तरी बाकीच्या भार धरतात, हाच त्याचा मोठा फायदा.

सूतकताई पाहिलेल्यास याची कृती परकी वाटणार नाही. जास्त कार्बनची, बहुधा साडेपाच मिलिमीटर जाडीची पोलादी सळई तेजाबात धुऊन गंज काढतात. मग ती एकापेक्षा एक बारीक भोकांच्या डायमधून ओढतात. ओढताना तार ताठर होते, म्हणून तिला लालभडक तापवून वितळलेल्या शिशाच्या कुंडातून नेतात व पुन्हा ओढतात. दमट हवेत वापरायची असेल तर जस्ताचा मुलामा देतात. नंतर तारा पिळून पेड आणि गाभ्याभोवती पेड पिळून दोर होतो. गाभा तंतूचा असतो किंवा पोलादाचा. साध्या पद्धतीत पेडातील तारांचा पीळ एका दिशेचा व पेडांचा उलट दिशेचा असतो. आमच्या दुपदरी सुताचे शास्त्र तेच, उलट पिळामुळे सूत उलगडत नाही.

दुकानात ‘सहा बाय एकोणीस’ म्हणतात, म्हणजे सहा पेड व पेडात एकोणीस तारा, एकूण ११४. ‘सहा बाय छत्तीस’मध्ये २१६ बारीक तारा असतात. जाड तारांचा दोर घासण्यास टिकतो, बारीक तारांचा वळण्यास. पुलीवर सतत वळणाऱ्या कामाला दुसरा बरा. बंदरातील क्रेन, मच्छीमार ट्रॉलरचे विंच, रायगडचा रोपवे, कामाप्रमाणे दोर बदलतो.

आता आमची चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी गोदामाच्या माललिफ्टसाठी आम्ही भंगारातून एक दोर घेतला. वरून ग्रीस चोपडलेले, दिसायला नवा. आत गाभा वाळून भुगा झाला होता. सहा गाठी कापड घेऊन लिफ्ट खाली आली. हमाल क्षणभरापूर्वीच बाजूला झाला होता. वाचवलेले पैसे किती होते, ते सांगायलाही लाज वाटते.

म्हणून प्रमाणपत्राशिवाय दोर घेऊ नये. भारतीय मानक २२६६ चा उल्लेख व तुटण्याचा भार त्यावर पाहावा. उचलायच्या वजनाच्या किमान पाचपट ताकद असावी. यारीच्या डब्यातून माणसे विहिरीत उतरत असतील तर दहापट किंवा अधिक. जाडी मोजताना समोरासमोरच्या दोन पेडांच्या उंचवट्यांवर मोजावे, खाचेत नव्हे. मूळ जाडीच्या दहावा हिस्सा झीज झाली की दोर काढून टाकावा. टोकाला क्लिप लावताना यू-बोल्ट मोकळ्या टोकाच्या बाजूस आणि बैठक भार वाहणाऱ्या बाजूस यावी, उलट लावल्यास भाराचा दोरच चेंगरतो. तुटक्या तारा शोधायच्या तर यंत्र बंद करून, जाड हातमोजे घालून सुती चिंधी दोरावरून फिरवावी. जिथे ती अडकेल तिथे तार तुटलेली समजावी. चिंधी मात्र चांगल्या सुती कापडाची घ्यावी, नायलॉनची सटकते.